आंबूबायचं ऊन

खाडीच्या काठाला नुसता चिखल आणि तिवरं होती, त्या काळची ही गोष्ट. पोशा घरत नावाचा माणूस बायकापोरं घेऊन तिथं आला. त्यानं माणसं जमवली, चिखलाचा बांध घातला, खारं पाणी बाहेर ठेवलं आणि आत भात पिकवला. अशा खाडीकडून मिळवलेल्या शेताला खार म्हणतात, म्हणून गावाचं नाव पोशाची खार. बांध उभा राहिला तेव्हा त्यानं काही कागद आणि वस्तू एका सागवानी पेटीत घालून ती देव्हाऱ्यापाशी ठेवली, असं म्हणतात.

पुढच्यांनी काय केलं, तर पेटीचाच देव केला. दरवर्षी तिला तेल-शेंदूर लावायचे. पिढ्या गेल्या, शेंदराचे थर चढले, झाकण कुठं ते कळेना. आत काय आहे, हे विचारायचीही चोरी. कोणी म्हणे सोनं आहे, कोणी म्हणे खाडीचं भूत कोंडलंय. पेटी उघडली तर बांध फुटणार, हे मात्र सगळे छातीठोकपणे सांगायचे.

पोशाच्या त्या घरात पुढं आंबूबाय सून म्हणून आली. भारी चौकस बाई. म्हातारी झाली तरी खोड गेली नाही. दिवा लावताना पेटीला हळूच कान लावायची. एकदा आतून बारीक कुरकुर ऐकू आली. गाव जमलं. लोक हात जोडून म्हणाले, "देव बोलतोय."

"देव नाय बोलत," आंबूबाय म्हणाली. "कसर लागलीय. आपल्या वाडवडलांना कसर खातेय, नि तुमी हात जोडून उभे."

आणि तिनं सगळ्यांसमोर कोयत्यानं शेंदूर खरवडून झाकण उघडलं. आत एक मोडकी कुदळ होती, लहान मुलाचं टोपडं होतं, आणि तेल झिरपून चिकटलेले कागद. पोशाबरोबर माती वाहणाऱ्या माणसांची नावं एका कागदावर होती, त्यातली निम्मी कसरीनं खाल्लेली. आंबूबाय रडली. मग तिनं एकेक कागद सोडवून अंगणात उन्हाला घातला.

नेमकं त्याच दुपारी उधाण आलं, बांधाला खांड पडली आणि त्या भगदाडातून खारं पाणी आत घुसू लागलं. झालं. म्हातारीनं गाव बुडवलं म्हणत लोक धावत आले. पेटी खाडीला देऊन टाका, तरच भात वाचेल, असं ठरलं. आंबूबायनं कागद पेटीत भरले, पेटी डोक्यावर घेतली आणि थेट खांडीत जाऊन बसली.

"द्यायची तर माझ्यासकट द्या," ती म्हणाली.

पाणी तिच्या गळ्याशी आलं, पण पेटीचं बूड ओलं झालं नाही, असं म्हणतात. खाडी तिला बघून मागं सरली, असंही म्हणतात. काही जण सांगतात, शिव्या देणारेच चिखलाची ढेकळं घेऊन पाण्यात उतरले आणि तिच्या दोन्ही अंगांनी बांध चढवला. मला विचाराल तर हे जास्त नवलाचं.

आजही भात झोडून झालं की गावात आंबूबायचं ऊन असतं. पेटी उघडतात, कागद अंगणात मांडतात. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून दगड ठेवत नाहीत, प्रत्येक कागदावर एक माणूस तळहात ठेवून बसतो. गावात नवं बिऱ्हाड आलं असेल तर त्यांना आधी बोलावतात आणि कसरीनं खाल्लेला तो नावांचा कागद त्यांच्याच हाताखाली देतात.

"आमी तर बाहेरचे," ते बिचारे म्हणतात.

"कोण सांगेल?" गावातली माणसं म्हणतात. "गेलेल्या नावांत तुमच्या आज्याचंही असंल. बसा."