गोगलगायीने निवडलेलं पान

रानातल्या बाजारात पान दाखवलं की जिन्नस उधार मिळे आणि पौर्णिमेला हिशेब चुकता करावा लागे, त्या काळातली ही गोष्ट. चंपी नावाच्या गोगलगायीलाही एक पान हवं होतं.

हंसाचं पान सोनेरी होतं. "हे घेतलंत, की कुठल्याही तळ्याकाठी तुमचा मुक्काम फुकट," हंस म्हणाला. "वर्षाला फक्त टोपलीभर कोवळे कोंब द्यायचे." चंपीची शिंगं आनंदाने ताठ झाली. शेजारी बेडूकमावशी साधी अळूची पानं घेऊन बसली होती. त्या पानावर कोथिंबिरीच्या चार जुड्या घेतल्या की पाचवी फुकट मिळे आणि वर्षाचं देणं काही नसे. चंपीने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"सोनेरीच घे हो," मावशी म्हणाली, "पण तू रोज खातेस काय?"

"कोथिंबीर."

"आणि गेल्या वर्षी कुठवर जाऊन आलीस?"

"मेथीच्या वाफ्यापर्यंत," चंपी ऐटीत म्हणाली.

"अगंबाई, एवढ्या लांब! मग रात्री उतरलीस कुणाकडे?"

चंपीने हळूच मान वळवून आपल्या पाठीवरच्या शंखाकडे पाहिलं.

"मावशे," ती लाजून म्हणाली, "ते अळूचं दे."

फुकटची पहिली जुडी घेऊन चंपी मावशीच्या तळ्याकडे निघाली. पोचेपर्यंत कोथिंबीर पार वाळून गेली होती. मावशीने ती आमटीत चुरून घातली आणि चंपीला जेवल्याशिवाय काही जाऊ दिलं नाही.