चौथी गादी

"म्हणजे स्वतः झोपून बघितल्याशिवाय चांगली गादी निवडताच येत नाही, असंच ना?"

जयंत माळवदेचा आवाज इतका चढला होता की दारासमोर बांधलेली शेळी दावं ताणून पलीकडे सरकली.

दस्तगीरचाचा नदाफ कापूस पिंजत राहिले. पिंजायच्या कमानीची ताणलेली तात एकदा वाजली, दोनदा वाजली. कापसाचा भुरा उडून त्यांच्या दाढीत जाऊन बसला.

"मी कुठं तसं म्हटलं?" ते म्हणाले. "मी इतकंच म्हटलं, बसा."

जयंत बसला नाही. त्याने मोबाइल त्यांच्या नाकासमोर धरला.

"हे बघा. आधी फोमची. मग रबराची. मग हवेची, विजेवर चालणारी. तीन महिन्यांत तीन गाद्या! आणि उगाच नाही मागवल्या. एकेकीवर आठ-आठ दिवस अभ्यास केलाय. जाडी, घनता, हमी, लोक काय म्हणतात... सगळ्याचा तक्ता केला होता. तीस वर्षं कारखान्यात मी कागद बघून माल पास-नापास केलाय, चाचा. एकदाही चुकलो नाही."

"आणि आता?"

"आता चुकलो!"

चुकलो म्हणजे काय झालं, ते तासगावात बऱ्याच जणांना ठाऊक होतं. जयंतचे वडील अण्णा माळवदे, शाळेचे जुने हेडमास्तर, तीन महिन्यांपूर्वी झटका येऊन पडले. वाचा गेली, हातपाय गेले. डोळे तेवढे राहिले. जयंत पुण्याची नोकरी सोडून आला. आला त्याच दिवशी त्याने पहिल्या गादीचा शोध सुरू केला. तरी अण्णांच्या माकडहाडावर आधी लाल डाग उठला, मग फोड आला, मग रुपयाएवढी जखम झाली. काल डॉक्टर म्हणाले होते, ही हाडाला भिडली की मग माझ्या हातात काही नाही.

"कंपनीला फोन केला," जयंत म्हणाला. "फोनवर एक मुलगी. म्हणते, सर, शंभर रात्री झोपून बघा, नाही आवडली तर परत घेऊ. शंभर रात्री! अण्णांच्याकडे..."

त्याने मोबाइल खिशात टाकला.

चाचांनी कापसातलं सरकीचं एक बी वेचून बाजूला टाकलं.

"खोटा माल होता का?"

"तेच तर! खोटा असता तर भांडलो असतो. चांगला माल आहे. प्रयोगशाळेत तपासलेला. शंभर किलोचा रोलर लाख वेळा फिरवतात त्या गादीवरून. प्रमाणपत्र आहे माझ्याकडे."

"रोलरला दुखत नसंल."

"थट्टा करताय माझी?"

"न्हाई साहेब."

जयंतला वाटलं, उठून चालू लागावं. मग आठवलं, तो उभाच होता. त्यामुळे राग आणखी वाढला.

"लोक सांगतात, तुम्ही अंथरुणाला खिळलेल्या माणसाची गादी करता, त्याला न बोलावता. आणि ती बरोबर बसते. काय युक्ती असेल ती सांगा आणि मोकळे व्हा. अण्णा इथं येऊ शकत नाहीत. कुठं टोचतंय ते सांगू शकत नाहीत. त्यांच्यासाठी मी गादी निवडायची कशी?"

चाचांनी कमान भिंतीला टेकवली. कोपऱ्यातलं गोणपाट ओढलं, फरशीवर पसरलं.

"झोपा."

"कोण, मी?"

"उताणे. हात अंगाला लावून. मी सांगंपातूर हलायचं न्हाई."

"मला वेळ नाही असल्या..."

"झोपा."

या माणसाने आवाज चढवला नव्हता. तरी जयंत झोपला. इस्त्रीच्या शर्टासकट, खिशातल्या पेनासकट.

तात पुन्हा वाजू लागली.

छताच्या पत्र्याला एक भोक होतं. जयंत त्या भोकाकडे बघत मनातल्या मनात एकेकाचा समाचार घेऊ लागला. ती फोनवरची मुलगी. तो डॉक्टर, लांबून बोलणारा. सकाळ-संध्याकाळ येणारी बाई, जिचं लक्ष घड्याळाकडे. मग हा म्हातारा पिंजारी, सरळ प्रश्नाला सरळ उत्तर न देणारा. कापसाचा एक तंतू तरंगत आला आणि त्याच्या भुवईवर बसला. हात उचलावासा वाटला. त्याने उचलला नाही. हट्टच होता तो. बघू तरी किती वेळ लावतो हा!

गोणपाटाखाली फरशी होती, आणि फरशी हळूहळू वर येत होती. आधी टाचांना लागली. मग पाठीच्या खाली, जिथे माकडहाड असतं, तिथे कुणी अंगठा रोवल्यासारखं झालं. अंगठा हलेना. तो आणखी आत गेला...

तात थांबली.

"वळलात," चाचा म्हणाले.

जयंत एका कुशीवर होता. कधी झाला, त्याचं त्याला कळलं नव्हतं.

"दुखायला लागलं म्हणून! खाली फरशी आहे, चाचा."

"कुणी वळवलं?"

"कुणी म्हणजे? मीच..."

चाचा त्याच्याकडे बघत राहिले.

जयंत उठून बसला. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"ते मला माहीत आहे. डॉक्टरांनी शंभरदा सांगितलंय. दर दोन तासांनी कूस बदला. म्हणूनच तर गाद्या आणल्या ना! तिसरीवर स्पष्ट लिहिलं होतं, रुग्णाला हलवावं लागत नाही."

"कोण लिहितं ते?"

"कंपनी."

"कंपनीला बाप नसतो," चाचा म्हणाले. "मग सध्या कोण वळवतं?"

"बाई. सकाळी आणि संध्याकाळी."

"आणि मधल्या टायमाला?"

जयंतने बाहीला चिकटलेला कापूस झटकला.

"वजनाला जड हायत का मास्तर?"

"जड कसले. पन्नास किलोसुद्धा नसतील आता."

"मग?"

"मग काय मग!" जयंतने गोणपाटावर मूठ आपटली. "हात लावला की डोळे वटारतात! या अवस्थेत! मी जवळ गेलो की अस्से बघतात, जसा मी वर्गात उशिरा आलोय. जन्मात कधी जवळ घेतलं नाही या माणसानं. पायाला हात लावायचा आणि मागं सरकायचं, एवढंच आमचं. आई गेली तेव्हासुद्धा दाराच्या दोन बाजूंना दोघं उभे. आणि आता म्हणे उचला, वळवा, छातीशी धरा... कुठून आणू मी तो हात?"

शेळी एकदा ओरडली आणि गप्प झाली.

"मी डावखुरा होतो," चाचा म्हणाले. "दुसरीत. बाकीचे गुरुजी पट्टी मारायचे. मास्तर मागं येऊन उभं ऱ्हायले, आणि माझा हात हातात धरून अख्खी पाटी गिरवून घेतली. डाव्या हातानंच."

"तुमचा हात?"

"हं."

"माझा नाही धरला." जयंत ओरडला, पण आवाज मध्येच फाटला. "कधीच नाही. माझा एकदाही नाही."

चाचा त्याला 'असं कसं होईल' म्हणाले नाहीत. 'मनात नका ठेवू' असंही म्हणाले नाहीत. त्यांनी पुढे होऊन त्याच्या भुवईवरचा कापूस दोन बोटांनी काढला.

"असंल," ते म्हणाले.

मग तो कापूस ढिगावर टाकत:

"पर डोळे वटारण्याबिगर मास्तरांकडं आता दुसरं काय ऱ्हायलंय?"

जयंतने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला. नीट पुसला गेला नाही, म्हणून पुन्हा पुसला. उठला, तेव्हा त्याचा आवाज कारखान्यातल्यासारखा झाला होता.

"ठीक आहे. गादी तुम्हीच करा. चौथी. माप लिहून घ्या. लांबी सव्वासहा फूट, रुंदी तीन..."

"आत्ता मास्तर कसे हायत?"

"कसे म्हणजे? एकटे नाहीत. शेजारच्या शकुंतलाकाकूंना बसवून आलोय."

"तसं न्हाई. कसे ठेवून आलात?"

"...उताणे."

"कवापासनं?"

"बाई आठला अंग पुसून गेली. तेव्हापासून."

"आता किती वाजले?"

जयंतने मनगटाकडे पाहिलं. मग पुन्हा पाहिलं, जणू घड्याळ नापास करता आलं असतं.

"साडेअकरा."

चाचा गुडघ्यावर हात ठेवून उठले. दारात गेले. जयंतच्या चपला उंबऱ्याशी वाकड्यातिकड्या पडल्या होत्या. वाकून त्यांनी त्या उचलल्या आणि तोंडं रस्त्याकडे करून जोडीने मांडल्या.

"मग चालत जाऊ नका, साहेब."