नुसती लावते

एकदा एका राज्यात धुराविरुद्ध फर्मान निघाले. चव्हाट्यावर विडी ओढणाऱ्याला दंड, आणि देवळाच्या आसपास विडी विकणाऱ्याच्या दुकानाला टाळे. राजाचा हेतू शुद्ध होता. गणतीचे काम त्याने एका वृद्ध वैद्यांच्या शिष्याकडे सोपवले. शिष्य मोठा कामसू. ऊन म्हणू नये, पाऊस म्हणू नये, दारोदार जाऊन तो एकच प्रश्न विचारी, "विडी ओढता का?" पाच वर्षांपूर्वी शंभरात तीस जण होकार देत. आता तीन मिळणेही मुश्कील झाले.

राजा हरखला. एका मोठ्या गावाला 'निर्व्यसनी' म्हणून गौरवायचे ठरले. मांडव पडला, शाल-श्रीफळ आले. पुढच्या रांगेत गावचा व्यापारी बसला होता. त्याने विडीचा धंदा आपण होऊन सोडला म्हणून त्याचाही सत्कार होता. सोडलेल्या विडीच्या जागी त्याच्या फळीवर आता काय मांडलेले असते, हे मात्र कोणी पाहिले नव्हते. सत्काराच्या घाईत एवढे कोण पाहतो?

आशीर्वादासाठी वैद्यांना उभे केले. त्यांनी आशीर्वाद दिलाच नाही. उजव्या हाताची तीन बोटे एकमेकांना चिकटवून, उभी करून ते म्हणाले, "सगळ्यांनी अशी तीन बोटं आपापल्या तोंडात घालून दाखवा."

मांडवात खसखस पिकली. "गुरुजी, हा कसला नवा मंत्र?" व्यापारी हसत म्हणाला, आणि त्याची तिन्ही बोटे सहज आत गेली. आपल्या फळीवरचा माल तो स्वतः कधी तोंडात घालत नसे.

इतरांचे हसू हळूहळू ओसरले. पंचवीस-तीस वर्षांचे धडधाकट गडी, आणि त्यांची दोन बोटेही आत जाईनात. एकाचे तर एकच गेले. तो शेजाऱ्याकडे पाहू लागला, तर शेजाऱ्याचीही तीच गत. विडी सुटल्यापासून हे सगळे व्यापाऱ्याच्याच फळीवरचा, सुपारी, तंबाखू नि चुना घोटून केलेला मावा चघळत होते. तोंडे आतून आवळत चालली होती आणि कोणाला पत्ता नव्हता.

शिष्य एकेकाचे तोंड पाहत निघाला. तेवढ्यात त्याची नजर बायकांच्या बाजूला गेली. सगुणाक्का, त्याची थोरली बहीण, आई गेल्यावर जिने त्याला वाढवले ती, याच गावात नांदत होती. पदराआड तिचे दुसरे बोट दातांशीच अडले होते.

तो धावत गेला. "अक्का, तुला तर कसलंच व्यसन नाही!"

"न्हाईच की," ती म्हणाली. "मी विडी ओढत न्हाई, मावा खात न्हाई. सकाळ-दुपार-रातच्याला दातांना मिश्री तेवढी लावते. न्हाई लावली की डोकं धरतं."

"मिश्री कशाची असते गं?"

"कशाची म्हंजे? तव्यावर काळा केलेला तंबाखू. तुला म्हाईत न्हाई व्हय?"

वैद्यांनी तिला उजेडात बसवून गालाच्या आत पाहिले. तिथे एक जखम होती, कडा टणक झालेल्या.

"हे कधीपासून, बाई?"

"दिवाळीपासनं. गाल चावला आसंल म्हनलं. तिखट सोडलं की भागतंय."

होळी तोंडावर आली होती. शिष्याने विचारले, "अक्का, मला का नाही सांगितलंस?"

"तू इचारलंस कुठं? माझ्याबी दारात आलावतास. ओढता का, म्हनलास. मी न्हाई म्हनलं. तू फुडं गेलास."

शिष्य तिच्या पायाशी बसला. वैद्य त्याच्या शेजारी टेकले.

"बाळ, तू खोटं लिहिलं नाहीस आणि ही माणसं खोटं बोलली नाहीत. आपल्या भाषेत विडी ओढतात, मावा चघळतात आणि मिश्री लावतात. हळद लावावी, तेल लावावं, तशी मिश्री. लावलेल्याला व्यसन कोण म्हणेल? शत्रू एकच होता. तू त्याचं एक नाव विचारत फिरलास, आणि तो दुसऱ्या नावानं तुझ्याच बहिणीच्या गालात जाऊन बसला. धूर दुसऱ्याच्या नाकात जातो, म्हणून त्यावर फर्मान निघालं. हे ज्याचं त्यालाच जाळतं, म्हणून कोणाची तक्रार आली नाही."

शिष्याने त्यांचे पाय धरले. "गुरुजी, अक्का वाचेल ना?"

वैद्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाले, "दिवाळीत विचारलं असतंस, तर मी लगेच हो म्हणालो असतो. आता उपाय करू."

मांडवात कोणी शाल उचलली नाही. शिष्य बहिणीचा हात हातात घेऊन बसून राहिला, आणि तीच त्याची समजूत घालत होती.

आपल्याही घरात 'ती नुसती लावते' म्हणून सोडून दिलेले कोणी असेल, तर आजच जवळ बसून तिला तोंड उघडायला सांगावे.