तडकलेली फरशी

एका राज्यात माणसाचं काळीज पाण्यात मोजायची रीत होती. राजवाड्याच्या चौकात तांब्याचं एक घंगाळ असे, चौघांनी मिळून उचलावं एवढं थोर. सण असो, बारसं असो, नाहीतर तेराव्याचं जेवण असो, आलेल्या प्रत्येकानं आधी त्यात हात बुडवायचा. मनात जेवढी माया, जेवढं दुःख, जेवढा आनंद, तेवढं ते पाणी तापे. ज्याचं उकळलं त्याला पंगतीत पुढचा पाट. ज्याचं कोमट झालं त्याला मधला. आणि ज्याचं हललंच नाही त्याला दाराशी, लोकांच्या जोड्यांजवळ.

राणी तेजोवतीनं हात घातला की पाणी खदखदून चौकभर उडे. दासी लुगडी सावरत पळत. राणीला त्याचा भारी तोरा. ती रागावली की वाड्यावरची कबुतरं उडून जात, आणि रडली की शेजारच्या राज्यातून स्वार येई, काय झालं ते विचारायला.

तिचा भाऊ चंद्रहास. त्याच्या हातानं पाण्याला नुसते बुडबुडे येत, गुदगुल्या झाल्यागत. सदा थट्टा, सदा हसणं.

आणि राजा धीरसेन? तो हात बुडवी, घटकाभर उभा राही, हात पुसून निघून जाई. पाणी होतं तसंच. राजा म्हणून पुढचा पाट मिळे, पण लोक मागं कुजबुजत, "आपला राजा म्हणजे थंडगार." राणी तर तोंडावरच म्हणे. घंगाळाखालची फरशी मात्र दर सणाला तडके. राणीनं त्यापायी किती गवंडी बदलले, पण फरशी काही टिकेना.

या दोघांना एकच लेक, सोनसळी. तिला सोळावं वर्ष लागलं त्या दिवशी राज्यात मोठी पंगत होती. वज्रमाला आली. ही वज्रमाला म्हणजे कड्यावरची जादूगारीण, आणि सोनसळीच्या जन्माची सुईणही. तिनं हात बुडवला. पाणी हललं नाही.

राणी म्हणाली, "रीत ती रीत. हिला दाराशी बसवा."

वज्रमाला जोड्यांजवळ बसली. पानात भात पडला. ती जेवली नाही. उठली आणि म्हणाली, "तुमच्यात माया मोजतात ना? मग नीट मोजा. या पोरीवर सगळ्यात जास्त माया कुणाची, त्याचं नाव माझ्या कड्यावर येऊन सांगा. नाव खरं निघालं तर पोर तुमची. खोटं निघालं तर पाखरू ते पाखरूच."

तिनं टिचकी वाजवली. सोनसळीची साळुंकी झाली, आणि पानावर बसून भाताची शितं टिपू लागली.

"आणि घाई करा," वज्रमाला जाता जाता म्हणाली. "घटकेघटकेला हिचे शब्द गळतील. स्वतःचं नाव विसरली की मग हिला पंखच आवडतील."

राणीनं असा टाहो फोडला की देवडीवरचा नगारा आपोआप वाजला. राजा उठला. त्यानं साळुंकीला खांद्यावर घेतलं, तिच्या चोचीला चिकटलेलं शीत बोटानं काढलं.

"अहो, डोळ्यांत टिपूस नाही तुमच्या!" राणी कडाडली. "पोटची पोर पाखरू झाली आणि तुम्ही शीत काढताय? दगडाशी लग्न लावलं माझं!"

"निघू या," राजा म्हणाला.

"एवढंच?"

"ऊन आहे तोवर वाट दिसेल."

"ताई, चल," चंद्रहास म्हणाला. "दाजी एका दिवसात दोन वाक्यं बोलले. आता महिनाभर काही मिळायचं नाही."

"तू तर गप्पच बैस! भाची गेली आणि याला विनोद सुचतात!"

अशी ती तिघं निघाली. वाटभर राणी बोलत होती. माझी माया सगळ्यात मोठी, अख्ख्या राज्यानं पाहिलंय, नाव सांगायला वेळ तो किती लागणार! आणि मनाशी तिनं ठरवूनही टाकलं होतं, नाव आपलंच सांगायचं.

दोन डोंगरांमध्ये लोखंडी दार लागलं, गंजून एकजीव झालेलं. वर एक म्हातारा भारद्वाज पक्षी बसला होता, लाल डोळ्यांचा.

"एका दमात तापवील त्याला वाट," भारद्वाज म्हणाला. "दुसरा दम नाही."

राजानं तळवा टेकवला. दार थंडच. चंद्रहासनं टेकवला, दाराला जरा खाज सुटल्यासारखं झालं. मग राणी पुढं झाली. तिनं "सोनसळी!" अशी हाक मारली आणि दोन्ही हात दारावर आपटले. दार लाल झालं, पिवळं झालं आणि गुळाच्या पाकासारखं वितळून वाटेवर पसरलं.

"बघितलंत?" राणी नवऱ्याकडं वळली. "याला म्हणतात माया!"

राजानं मान हलवली. "बघितलं," तो म्हणाला, आणि ते मनापासून म्हणाला. राणीला मात्र ते ऐकूच आलं नाही, ती पुढं निघाली होती.

पुढं तळं आलं. पल्याड जायला दुसरी वाट नव्हती. काठावर बगळा एका पायावर उभा होता.

"हे तळं रडण्यावर वाढतं," बगळा म्हणाला. "हसत जाणाऱ्याला गुडघाभर. रडत जाणाऱ्याला डोक्यावरून."

"हसत? माझी पोर अशी असताना हसत?" राणी म्हणाली. पण पाण्यात उतरली.

मध्यावर आली तेव्हा साळुंकीनं डोळे उघडले. राजाकडं बघून "बाबा" म्हणाली. चंद्रहासकडं बघून "मामा" म्हणाली. राणीकडं बघून चोच उघडली, आणि तशीच मिटली. तो शब्द गळून गेला होता.

राणीच्या काळजाचं पाणी झालं. तिनं हंबरडा फोडला, आणि तळं कमरेला आलं, छातीला आलं. राजानं साळुंकीला डोक्यावर धरलं.

"ताई!" चंद्रहास ओरडला. "ताई, बोकडाची गोष्ट आठवते का?"

"मर मेल्या!"

"मरेन, पण आधी ऐक. सोनसळी पाच वर्षांची होती. तिनं वाड्यातल्या बोकडाला प्रधान नेमलं. पगडी घातली, हातात, नव्हे खुरात, दाजींचा हुकूम दिला. प्रधानानं अर्धा हुकूम खाऊन टाकला. मग ती दाजींकडं गेली. दाजींनी काय केलं?"

राणीच्या गळ्याशी पाणी होतं. "काय केलं?"

"उरलेल्या अर्ध्यावर शिक्का मारला! म्हणाले, प्रधानांनी विचार करूनच खाल्ला असेल."

राणीला हुंदका आला, आणि त्या हुंदक्यातूनच हसू फुटलं. तिचा नवरा असं म्हणाला होता? तळं सर्रकन खाली गेलं. चंद्रहास बोलतच राहिला. बोकडानं पुढं प्रधानकी कशी केली, खऱ्या प्रधानाला त्याचा कसा हेवा वाटला, पल्याडचा काठ येईतो त्याचं तोंड थांबलं नाही. राणी हसता हसता किनाऱ्याला लागली.

मागं वळून पाहते तर चंद्रहास पाठ करून बसलेला. पगडी सोडून तिचं टोक पिळत होता. पाणी तर त्याच्या डोक्यापर्यंत पोचलंच नव्हतं, मग पगडी भिजली कशानं? राणीनं त्याचे डोळे बघितले, लाललाल, सुजलेले. ती काही बोलायला गेली.

"ताई, काही विचारू नकोस," तो म्हणाला. "मी थांबलो की बुडतो. म्हणून थांबत नाही."

राणीनं पगडीचं दुसरं टोक धरलं आणि पिळायला हात लावला.

सकाळी कडा आला. वज्रमाला काळ्या शिळेवर बसली होती. तिच्या हातात गारेचं अंडं होतं, पांढरंफटक.

"यात तुमच्या पोरीचं माणूसपण गोठलंय," ती म्हणाली. "ऊन उतरेपर्यंत ओंजळीत धरा. ऊब सारखी हवी. जास्त झाली तर फुटेल, कमी झाली तर पुन्हा गोठेल. अंडं वितळलं की नाव सांगा."

राणीनं झडप घालून अंडं घेतलं. ते चर्र करून तापलं आणि त्यावर केसाएवढी चीर गेली. राणी किंचाळली. चंद्रहासनं ते झेललं. त्याच्या हातात ते गरम झालं, गार झालं, पुन्हा गरम झालं. तेवढ्यात राजानं ओंजळ पुढं केली.

राजा उभा राहिला. ऊन चढलं, तो उभा होता. ऊन कललं, तो उभा होता. चेहऱ्यावर काही नाही, तोंडातून शब्द नाही. खांद्यावर साळुंकी पुटपुटत होती, "सोनसळी, सोनसळी." मग नुसतं "सोन." एवढंच उरलं होतं तिच्याकडं.

आणि राजाच्या पायाखालचा दगड तडकला. तड्!

राणी दचकली. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. दर सणाला चौकात ऐकलेला. तिला गवंडी आठवले, एकामागून एक हाकलून दिलेले. ती वाकली आणि राजाच्या पायाशी दगडाला हात लावला. हात पोळला.

"अहो," ती हळूच म्हणाली. "हे नेहमीच असं होतं?"

"हो."

"मग कधी बोलला नाहीत?"

"तुम्ही बोलत होतात."

राणीनं आयुष्यात पहिल्यांदा एका वाक्यापुढं हार खाल्ली.

ऊन उतरलं. अंडं लोण्यासारखं मऊ झालं आणि आतून उजळलं. राजाच्या तळव्यांवर फोड आले होते.

वज्रमाला म्हणाली, "आता सांग राणी. सगळ्यात जास्त माया कुणाची?"

"दाजींची," चंद्रहास कुजबुजला. "ताई, दाजींचं नाव सांग, आणि पोर घे!"

राणीनं तोंड उघडलं. नाव जिभेवर आलंच होतं. पण तिला दार आठवलं. तिथं यांच्या हाताखाली दार थंडच राहिलं होतं. तळं आठवलं, तिथं आपण सगळ्यांना घेऊन बुडालो असतो. मग मोठं कोण? खांद्यावरची साळुंकी म्हणाली, "सो…" आणि थांबली.  राणीनं मान खाली घातली, आणि तिला वज्रमालेची शिळा दिसली.

ती शिळा अख्खी तडकलेली होती. या कडेपासून त्या कडेपर्यंत, कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगाच भेगा.

राणी ताठ झाली. "मला माहीत नाही," ती म्हणाली. "आणि तुलाही माहीत नाही. यांच्या छातीत मी कधी शिरले नाही, माझ्या छातीत हे शिरले नाहीत. माझं उतू जातं. याचं हसण्यात जिरतं. यांचं खाली उतरतं. जास्त कुणाचं हे काय सांगू? डोंबल? मी नाव घेणार नाही!"

"ताई!" चंद्रहास ओरडला.

"थांब रे. माझं अजून संपलं नाही." राणी शिळेपाशी गेली. "ही पोर जन्मली तेव्हा निळी पडली होती. तू तिच्या तोंडात फुंकर घातलीस, दिवस मावळेपर्यंत घालत राहिलीस. ते मी डोळ्यांनी पाहिलं, आणि तरी तुला जोड्यांजवळ बसवलं. का? तर पाणी हललं नाही म्हणून. ऊठ. पंगत तशीच अर्धी राहिलीय. तुझा पाट माझ्या शेजारी. आणि उठली नाहीस तर उचलून नेईन, सांगून ठेवते!"

 वज्रमालेच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. तिच्या खालची शिळा मात्र धाडकन दुभंगली, कडा हादरला, आणि राजाच्या ओंजळीतलं अंडं फुलासारखं उमललं.

दुसऱ्याच क्षणी राजा पाठीवर आपटला, कारण खांद्यावरची साळुंकी एकदम सोळा वर्षांची झाली होती.

"कुठलंही नाव घेतलं असतंस," वज्रमाला म्हणाली, "तर ते खोटंच निघालं असतं."

पण ऐकतंय कोण! राणी लेकीला कवटाळून असा गळा काढून रडत होती की खालच्या तळ्यातला बगळा उडून गेला. सोनसळीनं कानांवर हात ठेवले.

"आई," ती म्हणाली, "किती ओरडतेस!"

हरवलेला शब्द तो, असा परत आला.

राजा तसाच आडवा होता, फोडांचे हात पोटावर धरून, आभाळाकडं बघत. राणीनं जवळ जाऊन त्याच्या पाठीखालच्या दगडाला हात लावून पाहिला. चटका बसला. तरी तिनं हात काढला नाही.

पंगत पुन्हा मांडली. वज्रमाला राणीच्या शेजारी बसली आणि यावेळी पोटभर जेवली. घंगाळ चौकातून हललं ते थेट नहाणीघरात गेलं. आता त्यात बाळंतिणींचं आणि सणासुदीचं पाणी तापतं, लाकडांवर. हाकललेले गवंडी बोलावून आणले, त्यांना मानाचे शेले दिले, आणि चौकातली फरशी मुद्दाम तडकलेलीच ठेवली. कुणी नवखा पाहुणा विचारतो, ही दुरुस्त का नाही केली? तेव्हा राणी तेजोवती एवढ्या मोठ्यानं कारण सांगते की वाड्यावरची कबुतरं उडून जातात, चंद्रहास त्यात दोन-चार गमती घालतो, आणि राजा धीरसेन शेजारी बसून सगळं ऐकून घेतो.