सोनाबाईंचं पान

"यात कमी काय आहे, सिस्टर?"

दीपमालानं वही जरा आपटूनच ठेवली. नर्स प्रॅक्टिशनरच्या शिक्षणातली ती चिंतनवही. तपासलेल्या बाईबद्दल लिहायचं, आपण काय शिकलो ते मांडायचं आणि साळुंखे सिस्टरांची सही घ्यायची. आज सही झाली की उद्यापासून दीपमाला एकटीनं बायका तपासणार होती. साऱ्या तुकडीत तिचंच लिखाण वाचून दाखवत. त्याचा ताठा मानेत उतरला होता.

सिस्टरांनी चष्मा पुसला. "तूच वाच."

"'आज सोनाबाई आल्या. पाळी बंद होऊन वर्षं लोटली, आता पुन्हा अंगावरून रक्त जाऊ लागले आहे. आतून तपासणी अत्यंत गरजेची होती. परंतु त्यांनी सहकार्य केले नाही. मी मात्र शांत राहिले. या प्रसंगातून मला संयमाचे मोल कळले.'"

"तुला मोल कळलं. आणि बाईचं काय झालं?"

"तपासू देईनात तर मी काय करू? लुगडं सावरलं नि निघाल्या. त्या काय तिथं, फाटकापाशी बसल्यात. एस.टी.ची वाट बघत."

"हं..."

खिडकीतून फाटक दिसत होतं. सोनाबाई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"चढ त्या तपासायच्या टेबलावर."

"मी?"

"मग काय मी चढू, या गुडघ्यांनी? कपड्यांसकट चढ."

दीपमाला चढली. आडवी झाली. पाय दुमडून गुडघे फाकवले. वरच्या छताशिवाय काही दिसेना. सिस्टर पायाशी जाऊन उभ्या राहिल्या. ट्रेमधली अवजारं तेवढी वाजली.

...

दार उघडलं. रखमामावशी, वॉर्डातली आया. "सिस्टर, चहा टाकू का?"

तिच्या मागं व्हरांड्यातली रांग. रांगेतला कुणाचा तरी नवरा मान लांब करून आत बघत होता.

दीपमालाचे गुडघे मिटले.

"सहकार्य कर की गं," सिस्टर म्हणाल्या.

दीपमाला उतरली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तिनं ते पान फाडलं आणि स्टुलावर बसून नवं लिहायला घेतलं. पेन थांबेना. टेबल दारासमोर आहे. पडदा नाही. मी सोनाबाईंना नावापलीकडं काही विचारलं नाही. भीतीनं मिटलेल्या गुडघ्यांना मी हट्ट म्हटलं... एक ओळ खोडली, तिच्याहून नेमकी लिहिली. एक शब्द मनासारखा बसेना, तो तीनदा बदलला. लिहिता लिहिता डोळे भरून आले, ते तिनं मनगटानं पुसले आणि पुढं लिहीत राहिली.

चहा आला. निवला.

"आता बघा."

सिस्टरांनी वाचलं. पुन्हा वाचलं.

"खरं लिहिलंस, पोरी. स्वतःबद्दल इतकं खरं सहसा कुणी लिहीत नाही."

दीपमालाचा जीव भांड्यात पडला. तिनं पेन पुढं केलं. सिस्टरांनी ते घेतलं नाही. त्या खिडकीतून फाटकापाशी बसलेल्या सोनाबाईंकडं बघत होत्या.

"सही, सिस्टर..."

"एस.टी. आली बघ तिची."