डोहाच्या तोंडावरचे गज

जो जळात जीव होऊन पोहतो आणि जळ होऊन त्याच जिवाला कुशीत घेतो, त्या चराचरव्यापी परमेश्वराला प्रथम नमस्कार असो. नद्यांच्या काठी बसून ज्यांनी त्याचे नाम गाइले, त्या संतमाउलींच्या चरणी मस्तक ठेवतो. बाळगोपाळहो, आणि त्यांना मांडीवर घेऊन बसलेल्या थोरांनो, आता कथेला चित्त द्यावे.

एकदा एक वृद्ध साधुपुरुष सह्याद्रीच्या पायथ्याशी, नदीकाठच्या एका लहानशा शिवालयात राहत असे. शिवालयाच्या पायऱ्या जेथे संपत, तेथे एक खोल, हिरवागार डोह होता. त्या डोहात महाशीर जातीचे मासे होते. हातभर लांबीचे, जाड सोनेरी खवल्यांचे आणि कमालीचे धीट. पिढ्यान्‌पिढ्या लोक त्यांना देवाचे मासे म्हणत. डोहात कोणी गळ टाकीत नसे, जाळे तर दूरच. दर्शनाला आलेला प्रत्येक जण मूठभर चुरमुरे पाण्यावर टाकी, आणि मगच घंटेला हात लावी.

साधूचा एक शिष्य होता, मुकुंद नावाचा. तो बालपणीच पोरका झालेला, मठातच वाढलेला. पूजा आटोपली की नैवेद्याचा भात माशांना घालणे ही त्याची सेवा. त्यांतल्या एका थोर मादीवर त्याचा विशेष जीव होता. आपल्याला सख्खी बहीण नाही म्हणून तो तिला ‘आक्का’ म्हणे. पायरीवर बसून त्याने पाण्यावर तळहात आपटला की आक्का खोल पाण्यातून वर येई आणि त्याच्या बोटांतून भात टिपून घेई.

परंतु दरवर्षी आषाढात नदी तांबडी झाली की हे मासे डोह सोडून जात. डोहाच्या वरच्या अंगाला दोन खडकांमध्ये एक अरुंद खिंड होती. तिच्यातून ते प्रवाहाच्या उलट उड्या घेत डोंगराकडे निघत. देवाची हद्द मात्र डोहापुरतीच होती. खिंडीपलीकडे गेलेला मासा हा सर्वांसाठी नुसता मासाच. वरच्या वाड्यांतील लोक ओढ्यांच्या तोंडाशी खोइनी लावून बसत. खोइन म्हणजे कामट्यांची निमुळती टोपली. आत शिरलेल्या माशाला तिच्यातून वळता येत नाही. चढणीचा मासा पोटात अंड्यांची गाभोळी घेऊन येतो, तो चवीला सरस, अशी सर्वांची खात्री. कार्तिकात पाणी नितळ झाले की डोहात मासे परतत, पण सगळे परतत नसत. तेवढे महिने मुकुंदाचा जीव टांगणीला लागलेला असे.

पुढे साधुपुरुष नर्मदेच्या परिक्रमेला निघाले आणि मठाचा भार मुकुंदावर आला. त्या वर्षी आक्का परतली ती पाठीवर जाळ्याची जखम घेऊन. मुकुंदाला दोन घास गोड लागेनात. त्याच सुमारास बाजारपेठेतील धान्याचे व्यापारी रेवणशेट नवस फेडण्यास आले. ते म्हणाले, “बुवा, पोरगं दुखण्यातून उठलं. सांगा, देवाला घंटा वाहू की समई?”

मुकुंद म्हणाला, “शेटजी, घंटा आहे, समईही आहे. मला गज द्या. लोखंडाचे.”

उन्हाळ्यात नदी आटली तेव्हा लोहाराने येऊन खिंडीच्या दोन्ही खडकांत आडव्या तुळया रोवल्या आणि त्यांत उभे गज बसवले. पाणी जाईल, मासा जाणार नाही. त्या आषाढात मुकुंद प्रथमच निश्चिंत झोपला. गज आहेत या भरवशावर पुराच्या दिवसांत तो खिंडीकडे फिरकतही नसे; मासे खोल पाण्यात बसले असतील असे समजे. असेच काही पावसाळे गेले.

साधुपुरुष परिक्रमा पूर्ण करून परतले ते एका उन्हाळ्याच्या अखेरीस. मुकुंदाने त्यांचे पाय धुतले आणि त्यांना हाताला धरून पायरीवर नेले. पाण्यावर तळहात आपटताच आक्का वर आली, जाडजूड आणि तुकतुकीत. तिच्यामागून इतरही आले. गुरूंचे डोळे भरून आले. त्यांनी आक्काच्या पाठीवरून बोट फिरवले. मग मात्र ते उठले, डोहाच्या कडेला जेथे पाणी जेमतेम घोट्याएवढे होते तेथे जाऊन बसले, आणि झोळीतून बारीक पिठाची चिमूट काढून त्या उथळ पाण्यावर भुरभुरवली. पीठ पसरले, भिजले, तळाशी बसले. दुसऱ्या दिवशीही त्यांनी तेच केले. तिसऱ्या दिवशीही.

रेवणशेट मुकुंदाच्या कानाशी लागले. “चालून चालून महाराजांची नजर थकली वाटतं. मासे कुठं, पीठ कुठं!”

मुकुंदाने धीर करून विचारले, “महाराज, मासे तिकडं खोल पाण्यात आहेत. इथं कोणी नाही.”

“तेच तर पाहतोय, बाळ. इथं कोणी नाही.”

“मग पीठ कोणासाठी टाकता?”

“जे आलेच नाहीत त्यांच्यासाठी.” गुरू हसले, पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोहोचले नाही. “बोटाएवढी पोरं असायची इथं. पाण्यात पाय ठेवला की पोटऱ्यांना लुचायची. तू लहानपणी गुदगुल्यांनी हसून हसून पाण्यात बसकण मारायचास. धोतर ओलं व्हायचं, मी रागवायचो. आठवतं?”

मुकुंदाला आठवले. आणि आठवता आठवता त्याच्या ध्यानात आले की डोहात एकही पिल्लू त्याने कित्येक वर्षांत पाहिलेले नाही. डोहातले सगळे मासे थोर होते. सगळे म्हातारपणाकडे झुकलेले होते.

तेवढ्यात आषाढ लागला. डोंगरावर पाऊस कोसळला आणि नदी तांबडी होऊन खाली आली. सकाळच्या पूजेनंतर मुकुंदाने तळहात आपटला, कोणी आले नाही. खिंडीकडून धप्‌ धप्‌ आवाज येत होता. तो धावत गेला. सारे मासे गजांवर अंग टाकीत होते. मागे सरत, पुन्हा धडकत. सर्वांत पुढे आक्का होती, आणि तिचे तोंड रक्ताळले होते. मुकुंदाने हाक मारली, भात टाकला. भात तिच्या डोळ्यांसमोरून वाहून गेला. तिने त्याकडे पाहिलेही नाही.

तो रडत गुरूंकडे आला. “महाराज, ती मरेल! तिला काय कमी केलं मी? जेवू घातलं, कोणाचं जाळं लागू दिलं नाही. तरी ती मला सोडून का जाते?”

गुरूंनी त्याला जवळ बसवले. “तुला सोडून नाही जात रे. ती माहेरी निघालीय, बाळंतपणाला. या डोहाच्या तळाशी गाळ आहे. इथं अंडं पडलं की गाळात गुदमरतं. वर डोंगरात पाणी उथळ, थंड आणि सारखं खळाळतं. तळाशी स्वच्छ खडे आणि वाळू. अंड्याला तिथं श्वास मिळतो. तिथंच ही स्वतः जन्मली. पिल्लं तिथं फुटतात, पोहायला शिकतात, आणि पाणी उतरू लागलं की खाली डोहात येतात. जाण्यात मरण असेल, हे तिलाही कळत असावं. पण न जाण्यात सगळ्यांचंच मरण आहे. तू आक्काला राखलंस, बाळ. तिच्या वंशाला मात्र दाराबाहेर ठेवलंस.”

श्रोतेहो, ईश्वराने ही ओढ एकाच माशाला दिलेली नाही. उत्तरेकडील थंड देशांत सामन नावाचा मासा आहे. तो डोंगरातील झऱ्याच्या खड्यांत जन्मतो, नदीने खाली येतो, महासागरात जाऊन मोठा होतो. आणि काही वर्षांनी आपल्या जन्माच्या पाण्याचा वास ओळखीत परत त्याच नदीला लागतो. नदीत शिरल्यावर अन्न सोडतो. धबधबे चढतो, अस्वलांच्या पंजांतून निसटतो, शेपटीने खडे उकरून अंडी घालतो, आणि बहुतेक वेळा तेथेच देह ठेवतो. त्या देहावर झऱ्यातले किडे पोसतात, आणि पुढे त्या किड्यांवर पिल्ले. आईबापांनी बाळांना याहून अधिक काय द्यावे?

असो. गुरूंनी कोपऱ्यातली पहार आणून मुकुंदाच्या हाती दिली. “मी गज काढणार नाही. ज्यानं मायेनं बसवले, त्यानंच काढावेत.”

रेवणशेट मध्ये आले. “महाराज, गज माझ्या नवसाचे आहेत! काढले आणि देव कोपला तर?”

“शेटजी, वाहिलेलं फूल आपण परत मागतो का? वाहिलं, ते देवाचं झालं. देवाला हे गज हवे असते तर त्यानं या माशांना चढायला शिकवलंच नसतं.”

 शेटजींनी डोक्यावरची पगडी काढून पायरीवर ठेवली आणि मुकुंदाच्या कमरेला दोर बांधून, त्याचे दुसरे टोक घट्ट धरून ते काठावर उभे राहिले.

पहिला गज निघाला, दुसरा निघाला. वाट मोकळी होताच आक्का त्या फटीतून बाणासारखी गेली. मागून सारे गेले. डोह रिकामा झाला.

मुकुंद ओलाचिंब उभा होता. “वर खोइनी लागल्या असतील, महाराज. आता मी काय करू?”

“गजांची राखण घरी बसून होत होती. आता पायांनी कर.”

मुकुंद काठाकाठाने चढला. वर एका कातळावरून ओढा पायरीपायरीने उतरत होता, आणि माशांना चढण्याजोगी तेवढी एकच वाट होती. तिच्या तोंडाशी खोइन लावून धाकू नावाचा उंचापुरा गडी बसला होता. शेजारी त्याची आई भागीकाकी डोक्यावर पानांचे इरले घेऊन उभी होती.

“या या, बुवा!” धाकू हसला. “मठात आज भात करपला काय, मासळीला आलात?”

मुकुंद पाण्यात उतरला आणि खोइनीच्या तोंडाला पाठ लावून प्रवाहात बसला.

“अवो, उठा! माझी खोइन अडवली तुमी!”

“धाकूदादा, कार्तिकात हे उतरतील तेव्हा तू ये. मी आडवा येणार नाही. आत्ता जाऊ दे.”

“उतरणीचा मासा म्हंजे नुसता काटा! चढणीचाच गोड. गाभोळी तळून कधी खाल्लीय का? खाल्ली असती तर असं बोलला नसता.”

“थंडीनं काकडशील, पोरा,” भागीकाकी म्हणाली. “मासाच तो. त्याच्यापायी जीव देतोस काय?”

मुकुंदाचे दात वाजत होते. “काकी, या माहेरी निघाल्यात. बाळंतपणाला. वाटेत अडवू नका एवढंच म्हणतो.”

 भागीकाकीने पाण्याकडे पाहिले. एक मासा खालून उसळला, कातळावर आपटला, घसरला, पुन्हा उसळला. पोट टरटरून भरलेले. काकीने इरले खाली ठेवले.

“धाकू, उचल ती खोइन.”

“आये! आणि जेवायला काय?”

“नाचणीची भाकरी न्‌ ठेचा. काल मेलास काय त्याच्यावर? उचल म्हनते ना.”

धाकू पुटपुटत उठला आणि खोइन ओढून काठावर टाकली. मुकुंद मात्र उठला नाही. गढूळ पाण्यात त्याला काहीच दिसत नव्हते. त्याच्या गुडघ्यांना, कमरेला, हातांना घासत जड, ताठ अंगे वर जात होती. यांत आक्का कोणती, हे त्याला ओळखता येईना. पुष्कळ वेळाने त्याच्या लक्षात आले की आपण आता ते ओळखू पाहतही नाही. तो नुसता बसून त्यांना वाट देत होता.

पाऊस सरला, कार्तिक आला, पाणी नितळले. काही थोर मासे परतले. आक्का परतली नाही. तिला पुराने नेले, कोणाच्या जाळ्याने नेले, की वरच्याच एखाद्या डोहात ती रमली, कोणास ठाऊक. परंतु एका सकाळी खिंडीतून पाण्याबरोबर बोटाएवढ्या सोनेरी ठिणग्या उतरू लागल्या, आणि दुपारपर्यंत डोहाचा काठ त्यांनी चमचमू लागला.

रेवणशेट दर्शनाला आले होते. त्यांनी हळूच विचारले, “बुवा, तुमची थोरली आली का हो परत?”

मुकुंदाने काठच्या पिल्लांकडे बोट दाखवले. मग म्हणाला, “आली, शेटजी. मावणार नाही इतकी आली.”

ज्याच्यावर आपली माया आहे, त्याची वाट आपण बांधू नये. जमेल तर त्या वाटेवर थोडे पाण्यात उभे राहावे.

ही कथा ज्यांनी ऐकली, ज्यांनी वाचली, आणि ज्यांच्या कानी ती उद्या कोणाच्या मुखातून पडेल, त्या सर्वांच्या घरी लेकुरे सुखरूप नांदोत. दूर गेलेल्यांचा प्रवास सुखाचा होवो, मागे राहिलेल्यांना धीर लाभो, आणि प्रत्येक उंबऱ्याजवळचे पाणी निर्मळ वाहो. शुभं भवतु.