डबा कुणाचा?

टीव्ही भिंतीवर चढले आणि त्यांच्या पायाशी चित्र-आवाज पुरवणारे छोटे छोटे डबे येऊन बसले, त्या काळातली ही गोष्ट. कुरुंदवाडच्या शकुंतलाकाकूंच्या डब्याला एके दिवशी चित्रच दाखवता येईना. त्याने कंपनीला हाक मारली. कंपनी म्हणाली, "तू तीन वर्षांचा म्हातारा! तुझ्यासाठी आता नवं सॉफ्टवेअर नाही."

"चला, भंगारात!" रिमोट खिदळला. डब्याला रडूच फुटलं. त्याचा एक स्क्रूसुद्धा ढिला झाला नव्हता हो!

काकू मात्र हट्टी. स्वतःच सॉफ्टवेअर लिहून असे डबे हौसेने जगवणारी मंडळी इंटरनेटवर जमत, त्यांना काकूंनी गाठलं. जळगावच्या कुणी चित्र परत आणलं, पोलंडच्या कुणी आवाज, आणि बाकीचं आणखी कितीकांनी. एकमेकांचं तोंडही न पाहिलेली माणसं ही! पहिल्या खेपेस चित्र उलटं आलं. "मी शीर्षासन करून मालिका बघू का?" काकूंनी लिहिलं. चहा उकळेपर्यंत त्यांतल्या तिघांनी दुरुस्ती पाठवली, आणि डबा पूर्वीपेक्षाही झकास चालू लागला.

"कंपनीने तर तुला टाकलं," रिमोट म्हणाला. "मग आता तू कुणाचा रे?"

"मला जगवणाऱ्यांची नावं पाठ करतोय," डबा ऐटीत म्हणाला. "एकशे बारावर आलोय."